मागे फिरणाऱ्याचे श्रेय

‘रॉकेट लीग’ हा २०१५ साली निघालेला मोटारींचा फुटबॉल ज्यांच्या घरी पडद्यावर खेळला जातो, त्यांस सामन्याअखेर झळकणारा गुणांचा तक्ता परिचित असेलच. गोल केल्यास १००, गोलास साहाय्य केल्यास ५०, गोल अडविल्यास ५०; विजयी पक्षात ज्याची बेरीज मोठी तो मानकरी! हा तक्ता या खेळातील खऱ्या कौशल्याचा वैरी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिघातिघांचा सामना घ्या. वेळ पाच मिनिटे. गोलरक्षक नेमलेला नाही, कोणाची जागाही ठरलेली नाही. एकाने चेंडूवर जावे, दुसऱ्याने त्याच्या पाठोपाठ राहावे, तिसऱ्याने गोल राखावा. आणि पहिल्याने टोला मारताच चेंडूचा मोह सोडून, चेंडूपासून दूरच्या खांबाकडून वळसा घेत मागे यावे. चेंडूच्याच बाजूने परतणारा पुढे सरसावणाऱ्या सोबत्यावर आदळतो. दुरून वळणाऱ्याच्या दृष्टीसमोर चेंडू व मैदान दोन्ही असतात. इंधनाचेही तसेच. मोठे साठे मैदानात अवघे सहा. एकदा उचललेला साठा दहा सेकंदांनी भरतो. लहान ठिपक्यांवर १२ च मिळतात, पण ते चार सेकंदांत परत येतात. जाणता खेळाडू परतीच्या वाटेवर हे ठिपके वेचतो. हावरा कोपऱ्यातील मोठ्या साठ्याकडे धावतो आणि इकडे गोल उघडा पडतो. या विवेकाला तक्त्यात गुण किती? शून्य!

यावर कोणी म्हणतील, सामना गोलांनी जिंकला जातो, माघारीने नव्हे. खरे, परंतु तो गोल मारणारा निर्धास्तपणे पुढे गेला कोणाच्या भरवशावर? फेरा म्हणजे घाण्याच्या बैलाचे फिरणे, असेही आम्ही म्हणत नाही. सोबत्याची जागा अधिक सोयीची दिसली, तर उत्तम संघ क्रम मोडतातच. पण क्रम मोडणे निराळे आणि तिघांनीही एकाच चेंडूवर तुटून पडणे निराळे. आश्चर्य हे, की असे तुटून पडणाराच पुढे सोबत्यांच्या नावाने खडे फोडतो, आणि तक्ता त्याचीच री ओढतो.

सामन्याचे चित्रण जतन करण्याची सोय याच खेळात आहे. आपल्या चिरंजीवांनी वा कन्येने पुन्हा अशी तक्रार केली, तर हरलेला सामना त्यांच्यासमवेत पाहावा. आपल्यावर गोल होण्यापूर्वीच्या दहा सेकंदांत चेंडू पाहू नये. तिसरी मोटार कोठे होती, तेवढेच विचारावे.