पाळणा आणा, पण पावतीसकट!

शहर 'आंतरराष्ट्रीय' करायचं म्हटलं की आपल्या नेत्यांना आधी लंडनचा आकाशपाळणा आठवतो. 2020 साली वांद्रे रेक्लमेशनला 'मुंबई आय' उभारायची घोषणा झाली. तो पाळणा अजून कागदावरच फिरतोय. माझा पाळण्याला विरोध नाही. विरोध आहे तो अर्धवट नकलेला.

'लंडन आय' 135 मीटर उंच. काचेच्या 32 केबिन, अर्ध्या तासाची एक फेरी. वरून संसद, बिग बेन, लांबवर सेंट पॉल्सचा घुमट दिसतो आणि खाली थेम्स. हीच थेम्स 1957 मध्ये मेलेली नदी म्हणून जाहीर झाली होती. त्यांनी आधी सांडपाण्याचा बंदोबस्त केला, नदीत मासे परत आणले. पाळणा आला तो 2000 मध्ये. आपल्या पाळण्यातून काय दिसणार? सी-लिंक दिसेल, माउंट मेरी दिसेल आणि मिठी नदी जिथे घाण आणून ओतते ती माहीमची खाडीही दिसेल. वास काच अडवेल हो, पण रंगाचं काय?

आता पैशाचं बोलू. 'लंडन आय'चे काही टेकू साउथ बँक सेंटर या कलासंस्थेच्या जागेवर आहेत. भाडं होतं वर्षाला 64 हजार पौंड! 2005 मध्ये संस्थेने भाडं वाढवून मागितलं आणि जागा सोडण्याची नोटीसही धाडली. पुढच्या वर्षी वर्षाला किमान पाच लाख पौंडांवर 25 वर्षांचा करार झाला. आमच्या जत्रेतला पाळणेवालासुद्धा जागाभाड्याची पावती घेतल्याशिवाय खुंटी ठोकत नाही. मग समुद्राकाठच्या सरकारी जागेची पावती किती रुपयांची, हे आधी सांगा की!

आणि हा धंदा बसतोही. सिंगापूरचा पाळणा 2013 मध्ये कर्जवसुलीवाल्यांच्या ताब्यात गेला. दुबईचा 250 मीटरचा, जगातला सगळ्यात उंच, 2021 मध्ये सुरू झाला आणि काही महिन्यांत बंद पडला. पुन्हा फिरायला 2024 चा डिसेंबर उजाडला.

तुम्ही म्हणाल, तालुक्याच्या पत्रकाराला मुंबईच्या पाळण्याचं काय पडलंय? अहो, सरकारी जागा तुमची-माझीच आहे, आणि मुंबईतली टूम वर्षभरात आमच्या नगरपरिषदेत पोचते.

तेव्हा पुढची घोषणा झाली की टाळ्यांआधी विचारा: जागा कुणाची, भाडं किती, बंद पडला तर भरणार कोण, आणि खालची नदी कधी साफ होणार? उत्तर मिळालं तर मलाही कळवा. बातमी करतो.