आंबटाचा हिशेब दात ठेवतात

कैरीची फोड तिखटमीठ लावून खाल्ली की दात आंबतात. दात आंबवणारे तेच आम्ल दाताचे वरचे आवरणही थोडे थोडे विरघळवते. हे आवरण, म्हणजे इनॅमल, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. पण त्यात जिवंत पेशी नसतात. मोडलेले हाड सांधते, झिजलेले इनॅमल पुन्हा उगवत नाही.

तोंडातला सामू (पीएच) एरवी ७ च्या आसपास असतो. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधले कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटू लागते. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५, कोलाचाही जवळपास तेवढाच. सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहापट होते, त्यामुळे हा फरक दिसतो त्याहून फार मोठा आहे. ‘शुगर फ्री’ बाटलीने दात वाचतात ही समजूत म्हणूनच फसवी आहे. साखर काढली तरी आम्ल राहतेच. लेबलवर बारीक अक्षरांत ‘आम्लता नियामक ३३८’ किंवा ‘३३०’ असे लिहिलेले असते. पहिले फॉस्फोरिक आम्ल, दुसरे सायट्रिक. साखरेचे ग्रॅम छापतात तसा सामूही ठळक छापायला काय हरकत आहे?

या सगळ्यावर उतारा म्हणजे आपली लाळ. तिच्यातले बायकार्बोनेट हा अल्कधर्मी क्षार आम्ल मारतो आणि सुटलेली खनिजे दातावर परत बसू लागतात. मात्र या कामाला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हा प्रश्न दातांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा. जेवणाबरोबर एकदा घेतलेले सरबत लाळ निभावून नेते. पण ऑफिसात दर तासाला गोड चहाचे कटिंग किंवा टेबलावर बाटली ठेवून दुपारभर घोट घोट, यात तिला उसंतच मिळत नाही. चहा आंबट नसला म्हणून काय झाले? त्यातल्या साखरेचे आम्ल तोंडातले जंतू करतात. झोपेत तर लाळ जवळजवळ आटते, म्हणून रात्रीचे शेवटचे गोड सर्वांत महाग पडते.

सकाळी लिंबूपाणी पिऊन लगेच ब्रश करणारे अनेक जण आहेत. हेतू चांगला, क्रम उलटा. आम्लाने मऊ झालेला थर ब्रशने खरवडून निघतो. ब्रश आधी करावा, किंवा चूळ भरून तासभर थांबावे. पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी तर जास्त जपावे. जठरातले आम्ल लिंबापेक्षा तीव्र असते आणि ते वरच्या दातांची आतली बाजू खाते, जी आरशात दिसत नाही. आंबट उलटी झाल्यावर ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून गुळण्या कराव्यात.

मात्र आम्ल वाईट म्हणून अल्क जितके तीव्र तितके चांगले, असे नाही. पानाचा चुना तीव्र अल्क आहे, तो तोंडाची त्वचा भाजतो. मोबाइलवर फिरणारा लिंबू-सोड्याचा ‘दात शुभ्र’ करणारा लेप तर आधी लिंबाने मऊ करून मग घासायला सांगतो. दोन दिवस दात चमकतात, कारण वरचा थर गेलेला असतो. पुढे आतला पिवळसर थर दिसू लागतो आणि गार पाण्याचा घोट घेतला तरी कळ येते.