आकडा कुठून मोजला?

संदर्भ जीनोमच्या फास्टा फाइलमधून अमुक स्थानापासून अमुक स्थानापर्यंतचा सीक्वेन्स काढणे, हे आपल्या क्षेत्रातले सर्वांत किरकोळ काम समजले जाते. नव्या विद्यार्थ्याला एका ओळीची कमांड उतरवून दिली जाते आणि पुढे त्याबद्दल कोणी काही विचारत नाही. आमच्या मते बऱ्याच घोटाळ्यांची सुरुवात इथेच होते. कमांडला फक्त आकडे समजतात. ते जीनोमच्या कोणत्या आवृत्तीतले आहेत, शून्यापासून मोजलेत की एकपासून आणि कोणत्या स्ट्रँडवर वाचायचे आहेत, यातले काहीही तिला कळत नाही. आकडे चुकीचे असले तरी ती ए, सी, जी, टी या अक्षरांत नीटनेटके उत्तर देते, आणि त्या उत्तराकडे नुसते पाहून चूक ओळखता येत नाही. म्हणून स्थानाचा आकडा या तीन गोष्टींवाचून लिहूच नये, आणि काढलेला सीक्वेन्स ज्ञात अक्षराशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे वापरू नये, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

सिकलसेलचेच उदाहरण घेऊ. या आजाराला कारणीभूत असलेला बदल बीटा ग्लोबिनच्या जनुकात, ११व्या गुणसूत्रावर आहे. जीआरसीएच३८ या आवृत्तीत त्याचे स्थान ५२,२७,००२ आणि आधीच्या जीआरसीएच३७मध्ये ५२,४८,२३२. म्हणजे आवृत्ती लिहायची राहिली, तर २१,२३० बेसचा फरक पडतो. जनुक उलट्या स्ट्रँडवर असल्याने ग्लुटामिक आम्लाचा जीएजी हा कोडॉन फाइलमध्ये ५२,२७,००१ ते ५२,२७,००३ या जागी सीटीसी असा दिसतो. सॅमटूल्सच्या फायडेक्सला हेच दोन आकडे दिले की सीटीसी मिळते आणि उलट-पूरक वाचायला सांगितले की जीएजी. बेडटूल्सच्या गेटफास्टाला मात्र सुरुवात ५२,२७,००० आणि शेवट ५२,२७,००३ अशी द्यावी लागते, कारण बेड फाइल शून्यापासून मोजते आणि शेवटचा आकडा वगळते. आता समजा कोणी पर्लच्या सबस्ट्रिंग फंक्शनला ५२,२७,००१ पासून तीन अक्षरे मागितली. पर्ल शून्यापासून मोजत असल्याने हाती टीसीए येईल. ते उलट-पूरक करून वाचले की टीजीए, म्हणजे स्टॉप कोडॉन. याच्या उलट, बेड फाइलमधला ५२,२७,००० हा आकडा ऑकच्या सबस्ट्रिंगला दिला, जे एकपासून मोजते, तर सीसीटी येते, आणि उलट-पूरक केल्यावर एजीजी, म्हणजे आर्जिनिन. तिन्ही उत्तरे तीन-तीन अक्षरांची आहेत आणि तिन्ही वेळा कमांड बिनतक्रार पूर्ण झाली आहे. एका बेसच्या घसरणीने ग्लुटामिक आम्लाच्या जागी एकदा प्रथिनाचा शेवट आला, एकदा दुसरेच अमिनो आम्ल आले, आणि टर्मिनलवर त्याचा मागमूसही नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की सगळ्यांनी एकच मोजणी ठरवून टाकावी, म्हणजे प्रश्नच उरणार नाही. ही मागणी समजण्यासारखी आहे, पण ती मान्य होईल असे आम्हाला वाटत नाही, कारण दोन्ही पद्धतींमागे कारणे आहेत. शून्यापासून मोजून शेवट वगळला की शेवटातून सुरुवात वजा करताच लांबी मिळते, लगतचे दोन तुकडे एकमेकांवर न चढता जोडले जातात आणि दोन बेसच्या मधली जागाही नेमकी दाखवता येते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे सोयीचे आहे. जीवशास्त्रज्ञ मात्र पहिल्या बेसला पहिला म्हणतो, आणि जीएफएफ व व्हीसीएफ या फाइली त्याच्यासारख्याच बोलतात. मिश्रण इतके खोलवर आहे, की सॅम फाइल एकपासून मोजते आणि तिचेच द्विमान रूप असलेली बॅम शून्यापासून. यूसीएससीच्या ब्राउझरमध्ये खिडकीत दिसणारे आकडे एकपासूनचे असतात, तर त्याच संस्थेच्या तक्त्यांतली सुरुवात शून्यापासून मोजलेली असते. हे सगळे मोडून एक करणे आता कोणाच्याही हातात नाही. आकड्यासोबत त्याची मोजणी लिहिणे मात्र प्रत्येकाच्या हातात आहे.

दुसरा आक्षेप हातखंडा असलेल्यांचा. फाइल म्हणजे शेवटी साधा मजकूर. कट, हेड आणि एखादी पाइप पुरेशी आहे, असे ते म्हणतात. छोट्या, एकाच ओळीत लिहिलेल्या सीक्वेन्सपुरते ते बरोबर आहे. पण फास्टा फाइल बहुधा ठरावीक रुंदीच्या ओळींत मोडलेली असते, आणि कट प्रत्येक ओळीची अक्षरे नव्याने मोजते. ओळीत ६० बेस असतील, तर आपले ५२,२७,००२ हे स्थान ८७,११७व्या ओळीतल्या ४२व्या अक्षरावर पडते आणि त्याआधी ओळ संपल्याची ८७,११६ चिन्हे येतात. हेडर वगळूनही जो नुसते बाइट मोजत जाईल, तो ८५ हजारांहून अधिक बेस अलीकडेच थांबेल. फायडेक्सने तयार केलेल्या इंडेक्समधले पाच रकाने याच हिशोबासाठी असतात: नाव, एकूण लांबी, सीक्वेन्स सुरू होतो ती बाइटची जागा, ओळीतले बेस आणि ओळीचे बाइट. या पाच रकान्यांच्या आधारे तो संपूर्ण फाइल न वाचता थेट हव्या त्या बेसवर उडी घेतो. म्हणूनच ओळींची रुंदी मध्येच बदललेली त्याला चालत नाही, आणि फास्टा फाइल बदलल्यावर इंडेक्स पुन्हा बनवावाच लागतो. त्यातला लांबीचा रकाना तर आवृत्ती ओळखण्याची आयती खूण आहे. ११व्या गुणसूत्राची लांबी १३,५०,८६,६२२ असेल तर ती जीआरसीएच३८, आणि १३,५०,०६,५१६ असेल तर जीआरसीएच३७. हे पाहायला दहा सेकंद लागतात.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. साधने आता प्रगल्भ झाली आहेत, चुकले तर ती सांगतात, मग एवढी धास्ती कशाला? साधने सांगतात हे खरे, पण जे अशक्य आहे तेवढेच. गुणसूत्राचे नाव सापडले नाही किंवा मागितलेली जागा गुणसूत्राच्या पलीकडे गेली, तर इशारा येतो, आणि तोही एरर आउटपुटवर. लांब पाइपलाइनमध्ये तो कोणी वाचत नाही. जे शक्य पण चुकीचे आहे, त्याबद्दल साधन गप्पच राहणार. गेटफास्टाला स्ट्रँड पाहण्याचा पर्याय दिला नाही, तर बेड फाइलमध्ये उणे चिन्ह असूनही तो पुढच्या स्ट्रँडचाच सीक्वेन्स देतो. यात त्याचा दोष नाही, तसे करायला त्याला सांगितलेलेच नव्हते. ब्राउझर उघडून डोळ्यांनी पडताळणे एका जनुकासाठी ठीक आहे, दहा हजार ओळींसाठी नाही. तिथे ज्ञात अक्षरेच कामी येतात. व्हीसीएफमधल्या संदर्भ अक्षराच्या रकान्याचे मोल आपण ओळखलेले नाही. त्या स्थानांवरची अक्षरे फास्टामधून काढून रकान्याशी जुळवली, की घसरण लगेच उघड होते. बीसीएफटूल्सच्या नॉर्ममध्ये ही सोय आहेच. एकाच जागी योगायोगाने अक्षर जुळण्याची शक्यता साधारण चारात एक, म्हणून एका जागेवर समाधान मानू नये. दहा वेगवेगळ्या जागी जुळले, तर ती शक्यता दहा लाखांत एकच्याही खाली जाते. जनुकांचे तुकडे काढले असतील, तर कोडिंग भाग एटीजीने सुरू होतो का आणि बहुतेक इंट्रॉन जीटीने सुरू होऊन एजीने संपतात का, एवढे पाहिले तरी पुरते.

या काटेकोरपणाची किंमत प्रयोगशाळेत कळते. आर्म्स पद्धतीच्या पीसीआरमध्ये प्रायमरचे अगदी शेवटचे, तीन-प्राइम टोकाचे अक्षर बदलाच्या नेमक्या जागी बसावे लागते. सारी चाचणी त्या एका अक्षरावर चालते. प्रायमर एका बेसने सरकवून मागवला, तर सामान्य आणि बदललेले जनुक वेगळे ओळखण्याची क्षमताच जाते. सिकलसेलच्या प्रसूतिपूर्व निदानात ही पद्धत वापरली जाते. विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांना सिकलसेल काय असतो हे सांगावे लागत नाही. २०४७पर्यंत हा आजार हटवण्याचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३मध्ये सुरू झाले आहे, तेव्हा अशा चाचण्या आखणारे हात वाढणारच. त्यातले अनेकजण बदलाच्या स्थानाचा आकडा कोणाच्या तरी पुरवणी तक्त्यातून उचलतील.

शोधनिबंधात एवढ्या तपशिलाला जागा नसते, हे कारण आम्हाला पटत नाही. आवृत्ती, मोजणी आणि स्ट्रँड हे तक्त्याच्या मथळ्यात एका ओळीत मावतात, आणि कमांड पुरवणीत जशीच्या तशी देता येते. या मासिकाकडे लेख पाठवणाऱ्या सर्वांना आमची विनंती आहे, की स्थानांचा तक्ता देताना या तीन गोष्टी, वापरलेली संपूर्ण कमांड, साधनाचा आवृत्ती क्रमांक आणि निदान दहा स्थानांवर केलेली अक्षरांची पडताळणी सोबत जोडावी. परीक्षकांनाही सांगणे आहे, की ही माहिती नसेल तर लेख वाचायला घेण्यापूर्वी ती मागून घ्या.