नियम कडक हवेत, कान बंद नकोत

सकाळी मनमाड रस्त्यावर उभं राहिलं की नागापूरची दोन चित्रं एकदम दिसतात. एकीकडे एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेले कामगार आणि दुसरीकडे पाठीला सॅक लावून कॉलेज गाठणारी त्यांचीच पोरं. वेळेचा धाक दोघांनाही आहे. फरक आहे तो चूक झाल्यावर. कारखान्यात कायम कामगारावर गैरवर्तनाचा आरोप झाला, तर रीत ठरलेली आहे. आधी चार्जशीट, मग लेखी खुलासा, मग चौकशी. साक्षीदाराला उलट प्रश्न विचारायची मुभाही त्याला असते. कामावरून काढायचं की नाही, ते त्यानंतर ठरतं. त्याच्या मुलाच्या बाबतीत मात्र कित्येकदा थेट नोटीस बोर्डावर नाव झळकतं आणि विषय संपतो.

याला हल्ली ‘झिरो टॉलरन्स’ म्हणतात. म्हणजे नियम मोडला की ठरलेली शिक्षा. कोणी मोडला, का मोडला, पहिल्यांदाच मोडला का, हे विचारायचं नाही. ऐकायला हे समान न्यायासारखं वाटतं. पण घरी आजारी माणूस आहे म्हणून उशीर झालेला आणि कट्ट्यावर चहा पीत बसल्यामुळे उशीर झालेला, या दोघांना एकाच मापाने मोजणं याला समानता म्हणायचं का?

या धोरणाचा मोठा अनुभव अमेरिकेने घेतला. शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान वर्षभर शाळेबाहेर ठेवण्याचा कायदा तिथे १९९४ मध्ये आला. हेतू रास्त होता. पुढे मात्र अनेक शाळांनी तीच काठी किरकोळ चुकांवरही उगारली. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने नेमलेल्या अभ्यासगटाचा अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. या धोरणामुळे शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही.

आपल्याकडचं उदाहरण तर अगदी ताजं आहे. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून एका विद्यार्थिनीला काढून टाकलं. तिला अटकही झाली. तिची पोस्ट पटते की नाही, हा वेगळा मुद्दा. मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या सुटकेचा आदेश दिला, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली आणि तिला परीक्षेला बसू दिलं. तिचं म्हणणं ऐकून न घेताच तिला काढलं होतं, यावर न्यायालयाने बोट ठेवलं. खरं तर ही साधी गोष्ट कॉलेजच्याच ऑफिसात व्हायला हवी होती, त्यासाठी हायकोर्ट कशाला लागावं?

दुसरी अडचण सरसकट शिक्षेची. टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण सगळे शाळेत ऐकतो आणि तेव्हा सगळे टिळकांच्याच बाजूने असतो. पण यूजीसीचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम बघा. रॅगिंग करणारे ओळखू आले नाहीत तर सामूहिक शिक्षा करावी, असं त्यात लिहिलेलं आहे. कॉपीमुक्त अभियानातही तेच. गैरप्रकार सापडला की परीक्षा केंद्राची मान्यता कायमची रद्द करू, असा इशारा २०२५ च्या दहावी-बारावीच्या परीक्षांपूर्वी देण्यात आला. कॉपी करणारा पास होऊन निघून जातो. पुढच्या वर्षी दूरच्या केंद्रावर जायला एसटीची वाट बघत कोण उभं राहतं? त्याच गावातलं, रात्र रात्र अभ्यास केलेलं पोर.

कोणी म्हणेल, मग गुंडगिरी खपवून घ्यायची का? अजिबात नाही. ज्याने होस्टेलवर रॅगिंग सोसलंय, त्याला ‘समजून घ्या’ म्हणणं ही क्रूर थट्टा होईल. पण आपला कायदा काय म्हणतो ते बघा. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, दंड आहे आणि दोषी ठरलेल्याला पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश नाही. एवढा कडक कायदासुद्धा प्राचार्यांना सांगतो, लेखी तक्रार आली की सात दिवसांत चौकशी करा आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर निलंबित करा. म्हणजे कडकपणा आणि चौकशी एकत्र नांदू शकतात. चौकशीमुळे गुन्हेगार सुटत नाही, उलट शिक्षा कोर्टात टिकते. शाळकरी मुलांसाठी तर शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत शाळेतून काढायलाच बंदी घातली आहे.

आमची मागणी शिस्त सैल करा अशी नाही. आरोप लेखी द्या. विद्यार्थ्याचं ऐका. शिक्षा चुकीच्या मापाची असू द्या. आणि निर्णयावर दाद मागायला एक दार उघडं ठेवा.

थोडं काम आपलंही आहे. प्रवेशाच्या वेळी रॅगिंग करणार नाही, असं हमीपत्र आपण भरून दिलं. किती जणांनी ते वाचलं? यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी आणि त्यावर विद्यापीठाचा लोकपाल. तुमच्या कॉलेजच्या समितीवर कोण आहे, ठाऊक आहे का? या आठवड्यात ऑफिसात जाऊन एवढं विचारा. नाव बोर्डावर लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ते सोपं आहे. आणि उद्या वर्गातल्या एखाद्याचं नाव बोर्डावर दिसलं, तर त्याचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी त्याला एक फोन करा. ऐकून घ्यायची सवय आधी आपल्यालाही लागायला हवी.