चॅसिस नंबर बघितला का?

दिल्ली कॅन्टला येऊन दीड वर्ष होत आलं. मागच्या वेळी इथल्या थंडीवर लिहिलं होतं, आज गाड्यांवर लिहितो. ज्यांच्या घरात विशी-पंचविशीचा पोरगा आहे आणि ज्याच्या हातात नुकताच पगार पडायला लागला आहे, त्यांनी जरूर वाचावं.

आमच्या युनिटमध्ये खटाव तालुक्यातला एक लान्स नायक आहे. वय तेवीस. ड्युटीला चोख, दारूला शिवत नाही. एका शनिवारी संध्याकाळी मोबाईल घेऊन आला. "साहेब, तुम्ही वर्कशॉपचे. उद्या एक गाडी बघायला येता का फरीदाबादला?" मला वाटलं स्विफ्ट असेल, नाहीतर बोलेरो. फोटोत बघतो तर लाल रंगाची, टप नसलेली, दोन माणसांची, कमरेएवढी बुटकी गाडी. कुणीतरी हौसेने घरी बांधलेली. किंमत साडेचार लाख. दीड लाख जवळ होते, बाकीचे फंडातून काढायचं त्याने ठरवून टाकलं होतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अशी गाडी हवीशी वाटण्यात काही वाईट नाही. पण नोकरीतल्या फौजीने ती जुनी घेऊ नये. लोक वेगाचं कारण सांगतात, माझं कारण दुसरंच आहे. ते पुढे येईल.

या प्रकाराचं मूळ इंग्लंडात आहे. 1957 साली लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने सेव्हन नावाची गाडी काढली. नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन सीट, बस्स. वजन आपल्या मारुती 800 पेक्षाही कमी. तयार गाडी घेतली तर तिकडे खरेदी कर पडायचा, सुट्या भागांच्या पेट्या घेतल्या तर पडायचा नाही. म्हणून पोरं पेट्या घरी न्यायची आणि शेडमध्ये गाडी जोडायची. असं सांगतात, की करातून सूट हवी तर जोडणीचं पुस्तक द्यायला बंदी होती, म्हणून कंपनीने गाडी खोलायची कशी याचं पुस्तक दिलं आणि लोकांनी ते उलटं वाचलं. (आपल्याकडचा स्टोअरकीपर शोभला असता!) 1973 पासून तीच गाडी केटरहॅम कंपनी बनवते. त्यांच्या सेव्हन 170 मध्ये सुझुकीचं 660 सीसीचं टर्बो इंजिन आहे आणि गाडीचं वजन 440 किलो. छोट्या इंजिनाचीही मजा येते ती वजन नसल्यामुळे. हे त्या पोराने मला सांगितलं, मी नाही. अभ्यास करून आला होता.

आपल्याकडेही हा उद्योग जुना आहे, फक्त रूप वेगळं. हरियाणात सिरसा जिल्ह्यात मंडी डबवाली म्हणून गाव आहे. फौजेच्या डिस्पोजलच्या जीपा आणि त्यांचे भाग तिथे यायचे. नवी बॉडी ठोकून, दुसरंच इंजिन बसवून त्यातून उघड्या जीपा तयार व्हायच्या. पंजाब-हरियाणात लग्नाच्या वरातीत या जीपा तुम्ही बघितल्या असतील. माजी सैनिक मंडळींपैकी कुणी आपली जुनी गाडी तिथे नव्या रंगात बघितली असेल तर कळवा. कारखान्यातून निघालेली हलकी टूसीटर म्हणाल तर आपल्याकडे सॅन स्टॉर्म होती. फायबरचं अंग, रेनोचं 1.2 लिटरचं इंजिन. फार खपली नाही, पण तिच्या आरसीवर तिचंच नाव आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा.

तर रविवारी फरीदाबाद. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात शेड होती, त्यात ती गाडी. विकणारा माणूस सभ्य होता, चहा पाजला. गाडी त्याने बांधली नव्हती, त्यानेही दुसऱ्याकडून घेतली होती. बांधणारा कोण, हे त्याला माहीत नव्हतं. "पेपर एकदम क्लियर हैं जी," असं मात्र तीन वेळा म्हणाला. एकदा म्हणाला असता तर मी गप्प बसलो असतो.

बांधणाऱ्याचं डोकं चांगलं चाललं होतं, हे मान्य करतो. 800 चं इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढची चाकं असा अख्खा संच काढून त्याने सीटच्या मागे बसवला होता. पुढे दुसऱ्या एका 800 ची पुढचीच चाकं. म्हणजे चारही चाकं मुळात वळणारी. मागची वळू नयेत म्हणून त्यांचे टाय रॉड सांगाड्याला पक्के बांधायला लागतात. पद्धत बरोबर आहे, जगभर असं करतात. पण ज्या ब्रॅकेटला रॉड बांधला होता तो पातळ पत्र्याचा, आणि वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर गेली होती. टॉर्च मारून पोराला दाखवली. ती चीर वाढली तर ऐंशीच्या वेगाला मागचं एक चाक स्वतःच्या मर्जीने वळणार. तेव्हा स्टीअरिंग कुणाच्याही हातात असलं तरी उपयोग नाही.

आणखी खाली बघितलं. ब्रेकचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा व्हॉल्व्ह कुठेच नव्हता. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी अडकली तर गाडी गरकन फिरणार. सीटबेल्टचा बोल्ट नुसता फायबरमधून काढलेला, मागे लोखंडाची पट्टी नाही. झटका बसला की बोल्ट फायबर फाडून बाहेर. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मधला पाण्याचा पाइप ड्रायव्हरच्या मांडीजवळून गेलेला. तो फुटला तर काय होईल ते वर्कशॉपवाल्यांना सांगायला नको.

मग मी चॅसिस नंबर शोधला. नंबर आरसीशी तंतोतंत जुळला. पोरगा खूश झाला. मी त्या जागेवर बोट फिरवलं. रंगाखाली चौकोनी कड लागत होती. जुन्या 800 च्या पत्र्यातून नंबरापुरता तुकडा कापून, घासून, या सांगाड्यावर वेल्ड केला होता. आरसी राजस्थानची, 2012 ची: मारुती 800, बॉडी सलून, रंग पांढरा. समोर उभी लाल, उघडी, दोन सीटची. म्हणजे त्या कागदावरची गाडी कधीच भंगारात गेली होती, आणि जी गाडी समोर उभी होती तिला कागदच नव्हता.

तरीही आवारात दोन चकरा मारल्या. खोटं कशाला बोलू, मजा आली. अवघं 37 हॉर्सपॉवरचं इंजिन, पण कानाच्या मागे ओरडतं आणि ढुंगण जमिनीपासून वीतभर वर. तीस वर्षं स्टॅलियन, जोंगा, जिप्सी चालवलेल्या माणसाला तोंडभर हसू आलं. पोराने ते बघितलं आणि माझं पुढचं बोलणं अवघड झालं.

परत येताना बदरपूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा बोललो. तो म्हणाला, "साहेब, ब्रॅकेट बदलू. व्हॉल्व्ह टाकू. बेल्टला प्लेट लावू. तुम्ही आहात की." बरोबर होतं. महिनाभर सुट्टीच्या दिवशी बसलो असतो तर यंत्र म्हणून ती गाडी मी धड केली असती. रस्त्याचा धोका तरीही उरलाच असता. साडेपाचशे किलोची गाडी आणि दोन टनांची फॉर्च्युनर समोरासमोर आदळल्या तर हलक्या गाडीला बसणारा झटका जवळजवळ चौपट. जयपूर हायवेवर ट्रेलरच्या शेजारी या गाडीत बसलं तर ड्रायव्हरचं डोकं ट्रेलरच्या चाकाच्या उंचीला, आणि डिसेंबर-जानेवारीत वर धुकं. पण मोटरसायकलवाला याहून कमी आडोशाने जातोच, आणि आपण पोरांना बुलेट घेऊ नको म्हणत नाही. म्हणून त्या मुद्द्यावर मी अडून बसलो नाही.

मी अडलो ते बदलीवर. सिव्हिलियन माणूस अशी गाडी एका गावात, ओळखीच्या हवालदाराच्या भरवशावर वीस वर्षं फिरवेल. फौजीला दर दोन-तीन वर्षांनी नवा मुलूख. मोटार वाहन कायद्यानुसार गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथे नवा नंबर घ्यावा लागतो. 2021 पासून आपल्यासाठी बीएच सिरीज आली, पण तीही आरसी सरळ असेल तर. नव्या आरटीओचा इन्स्पेक्टर पहिली गोष्ट काय करतो? बॉनेट उघडून नंबरावर बोट फिरवतो, मी फिरवलं तसंच. त्याआधी आपलं स्वतःचं गेट आहे. गेट पासला आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स. पांढऱ्या सलूनच्या कागदावर लाल उघडी गाडी आत घेताना गार्ड कमांडर काय विचारेल? शिवाय 2027 मध्ये त्या आरसीला पंधरा वर्षं पूर्ण होतात. मग फिटनेसची तपासणी, आणि दिल्लीच्या टापूत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचं काय होतं ते 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून आपण बघतोच आहोत.

विम्याचं तर त्याने ऐकलंच नव्हतं. विमा पांढऱ्या 800 चा. उद्या एखादा पादचारी गेला, तर "आम्ही या गाडीचा विमा उतरवलाच नव्हता" असं म्हणायला कंपनीला आयता मुद्दा मिळतो, आणि भरपाईची वसुली मालकावर येऊ शकते. ती साडेचार लाखांत मावत नाही. कायद्याचं कलम 52 सांगतं, की कारखान्याच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार दंड ठरवला. नंबराचा तुकडा कापून डकवणं हे तर बदलाच्याही पलीकडचं. आपल्या नोकरीत पोलीस केस म्हणजे काय, ते मी लिहीत नाही, वाचणाऱ्यांना माहीत आहे.

आता दुसरी बाजू, आणि इथे मी त्या पोराच्या बाजूने आहे. त्याने विचारलं, "मग साहेब, कायदेशीर बांधायची कशी?" मला उत्तर देता आलं नाही, कारण साध्या माणसासाठी वाटच नाही. गाडीचा नमुना पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थांकडून पास करून घ्यायचा असतो. ती व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी आहे. एक गाडी बांधणाऱ्याला तो खर्च झेपणार नाही. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची वेगळी तपासणी होते. इन्स्पेक्टर ब्रेक, बेल्ट, दिवे, धूर बघतो, पास झाली तर नंबर मिळतो. जिचं वय ठरवता येत नाही तिला क्यू अक्षराची पाटी मिळते, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला कळतं की ही जोडलेली गाडी आहे. साधा, प्रामाणिक बंदोबस्त.

आपल्या सरकारने 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले, व्हीए अक्षरांची पाटी दिली. चांगलं केलं. पण म्हणजे हौशी माणसासाठी नियम वाकवता येतात, हे सिद्ध झालं ना? ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर सुप्रा स्पर्धेत इंजिनिअरिंगची पोरं स्वतः वेल्ड केलेल्या रेसिंग गाड्या घेऊन यायची. त्यांतल्या कितीतरी सांगाड्यांचं वेल्डिंग फरीदाबादच्या गाडीपेक्षा शंभर पट चांगलं. स्पर्धा संपली की त्या गाड्या कॉलेजच्या मागे गंजतात. वाट नसली की हौस थांबत नाही, ती शेडमध्ये जाते आणि नंबराचा तुकडा शोधते. नगरला व्हीआरडीईच्या आवारात वर्षातून चार दिवस अशा गाड्या तपासून, वर्षाला ठराविक किलोमीटरची अट घालून नंबर दिला, तर कुणाचं काय बिघडेल? आपल्या रणगाडेवाल्या मंडळींना नगर माहीत आहे, तिथे जागेची कमी नाही.

पोरगा चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. मी पण बोललो नाही. फंड त्याचा, अक्कल त्याची. पाचव्या दिवशी जेवणाच्या वेळी येऊन बसला. 2016 ची ऑल्टो के-10, एका रिटायर्ड मास्तरांची, द्वारकेला. एक लिटरचं इंजिन, वजन साडेसातशे किलोच्या आसपास, आरसी मालकाच्याच नावाची. मी म्हटलं, हलकीच आहे की ही पण. तो हसला नाही. म्हणाला, "साहेब, रविवारी नंबर बघायला येता का? टॉर्च मी आणतो."

मी म्हटलं, लोहचुंबक पण घे. पत्र्यावर पुट्टी मारली असेल तर चिकटत नाही.