माफी कशाची मागायची?

गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. आघाड्याच्या काड्यांनी दात घासायचे, सप्तर्षी नि अरुंधतीची पूजा मांडायची, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. हल्ली सांगतात, हा बैलाला विसावा देणारा, रानभाज्यांचा सण. भाजी चवदार असते, वाद नाही. पण कहाणी वाचा.

पाळीत घरभर शिवाशिव केली म्हणून आई पुढच्या जन्मी मुलाच्याच दारी कुत्री होते. तिचा विटाळ लागून बाप बैल होतो. खिरीत सापाने गरळ टाकलेलं कुत्री बघते. घरची माणसं मरू नयेत म्हणून भांड्याला शिवते, आणि सुनेच्या हातचं जळतं कोलीत कमरेत खाते. घर वाचवणारीच पापी! मग मुलाने व्रत करून तिला सोडवायचं.

पाप कसलं? पाळी आल्याचं. ते धुवायला वर्षानुवर्षं उपास. आमच्या राहाता भागात त्या दिवशीही बाया खुरपणीला जातात, रिकाम्या पोटी, वाकून. बायकोला मारल्याचं पाप फेडायला नवऱ्याने धरायचा उपास मात्र आमच्या ऐकण्यात नाही.

राहात्याहून हाकेच्या अंतरावर शिर्डी. साईबाबा राहात्याला येत-जात. दाभोळकरांच्या साईसच्चरितात, बत्तिसाव्या अध्यायात, शिमग्याला तीन दिवस उपास करायला आलेल्या गोखलेबाई आहेत. बाबांनी त्यांना उपाशी बसू दिलं नाही. दादा केळकरांकडे जा, पुरणपोळ्या कर, मुलांना घाल, तूही खा, असं सांगितलं. हे आमच्याकडे कौतुकाने सांगतात. पण गोखलेबाईंची तिथे गरज का पडली? केळकरांच्या घरची बाई विटाळशी होती, चुलीला शिवू शकत नव्हती. उपास सुटला, विटाळ तसाच राहिला. बाबांचे भक्तही या जागी कधी थांबत नाहीत.

2018 साली शबरीमला खटल्याच्या निकालपत्रात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं, की पाळीवरून बाईला वगळणं हा अस्पृश्यतेचाच प्रकार. अस्पृश्यता पाळणाऱ्याने क्षमा मागायची, की जिला दूर बसवलं तिने?

श्रद्धेने एक दिवस कमी खाणाऱ्या बाईशी आमचं भांडण नाही. सासूला, आईला हिणवू नका. त्यांच्यावर ही कहाणी लादली गेली. पण यंदा ऋषीची भाजी घरातल्या सगळ्यांनी निवडा, सगळ्यांनी खा, पाळी आलेल्या मुलीला पंगतीत मधोमध बसवून. आणि संकल्प सांगताना गुरुजी रजस्वला-दोषापाशी आले, की त्यांना तिथेच थांबवून विचारा, हा दोष ठरवला कोणी?