गाणे वर्गात येते तेव्हा

साहित्याच्या तासाला विद्यार्थ्यांचे लहान लहान गट पाडावेत, प्रत्येक गटाने एखादे लोकप्रिय गीत निवडावे व त्याचे विवेचन वर्गापुढे करावे, ही पद्धत आता अनेक देशांत रुळली आहे. 2016 साली बॉब डिलन या गीतकार-गायकास साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर तर गीताला साहित्य म्हणावे की नाही, हा वादही जुना झाला. तथापि दुबई, अबुधाबी, शारजा येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील एखाद्या आजोबांना हा सारा पोरखेळ वाटला, तर त्यांना दोष देता येणार नाही. ध्वनिमुद्रिका लावावी, दोन मिनिटे माना डोलवाव्यात, गीतकाराचे नाव फळ्यावर लिहावे आणि गुण घेऊन जागेवर बसावे, असे होण्याचा संभव पुष्कळच असतो. शिवाय चौघांच्या गटात राबणारा बहुधा एकच असतो!

परंतु म्हणून गीताला वर्गाबाहेर काढणे हा उपाय नव्हे. बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना अक्षरओळख नव्हती. घरकाम व शेतकाम करता करता त्यांनी रचलेली गाणी 1952 मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि 1961 च्या 'मानिनी' या चित्रपटातून ती घरोघरी गुणगुणली गेली. त्यांना कवयित्री म्हणावे आणि त्यांच्या गाण्याला मात्र साहित्याच्या तासाला मज्जाव करावा, हे कोणत्या न्यायाने?

गटाने गाणे मांडणे हीही काही परदेशी युक्ती नव्हे. ज्या अमिरातीत ही मुले वाढतात, तेथील उंटस्वारांची 'तगरूदा' ही गानपरंपरा 2012 साली युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत अमिराती व ओमान या दोन देशांच्या नावे नोंदली गेली. सात ओळींहून मोठे नसणारे ते काव्य स्वारांचे दोन गट आळीपाळीने गातात. कोकणातील जाखडीच्या सामन्यातही एका बाजूने गाण्यातून सवाल टाकावा आणि दुसरीने गाण्यातूनच जबाब द्यावा, अशी रीत आहे. ज्याला अर्थ कळला नाही, त्याला जबाब सुचणार कसा?

नेमकी हीच गोष्ट वर्गात हवी. आधी चाल बाजूला ठेवून शब्द मोठ्याने वाचावेत. गाण्यात बोलते कोण, कोणाशी, कोणत्या प्रसंगी, हे एका गटाने विचारावे व दुसऱ्याने सांगावे. अडलेल्या शब्दासाठी कोशाआधी घरातील वृद्धांकडे जावे. अमिरातीतील मराठी मुलाला हे अजून सहज शक्य आहे. शाळेत तो इंग्रजी बोलतो, अरबी शिकतो. मराठी त्याच्यापाशी उरते ती घरच्या बोलण्यात आणि गाण्यात. मात्र रत्नागिरीची किंवा साताऱ्याची आजी दूरध्वनीच्या पलीकडे आहे, आणि 'जातं' म्हणजे काय, असे विचारल्यास ती पुरते समजावून सांगेल.

ही सोय किती मोलाची आहे, हे मॉरिशसमधील मराठी वाचकांना निराळे सांगावे लागणार नाही. 1834 पासून गिरमिटाच्या कराराने त्या बेटावर मजूर जाऊ लागले. त्यांच्यात जे मराठी होते, त्यांच्यापैकी बहुतेकांपाशी ग्रंथ नव्हते, पण पाठ गाणी होती. जाखडीची 'झाकरी' झाली आणि ती आजही तेथे गणेशोत्सवात रंगते. बोलीची जागा मात्र बहुतेक घरांत क्रिओलने घेतली. ताल चुकत नाही, पाऊल चुकत नाही. पण मधल्याच एखाद्या शब्दाचा अर्थ नातवाने विचारला, तर अनेक घरांत सांगणारे कोणी राहिलेले नाही. 1970 साली मोका येथे महात्मा गांधी संस्था स्थापन झाली, तेथे मराठीचे अध्यापन चालते. तरी जी पणजी ते गाणे जगली, तिला विचारण्याचा प्रसंग केव्हाच टळून गेला.

तेव्हा दुबईतील एखाद्या गटाने वर्गात गाणे मांडताना आजीचे उत्तरही तिच्याच शब्दांत वहीत उतरवून आणले, तर त्याला गुण देताना शिक्षकाने हात आखडता घेऊ नये. ध्वनिमुद्रिका शेवटी, वेळ उरल्यास, लावावी.